गळालेली पानं

आकडेताई म्हणजे नाकासमोर चालणारी बाई. अँब्युलन्सच्या ऑफिसात इतकी वर्षं काढली, पण कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. तिचं खरं नाव ठाऊक होतं ते हजेरीच्या मशीनला. फोनवाल्या पोरी, ड्रायव्हर, साहेब, खाली चहा विकणारा, सगळ्यांसाठी ती आकडेताई. घरी नवराही चिडवायचा, "काय आकडेबाई, भाजीत मीठ किती चिमटी पडलं ते लिहून ठेवलं का?" आणि हिनं खरोखरच मनातल्या मनात चिमट्या मोजलेल्या असायच्या. मग तिचं तिलाच हसू यायचं.

तिचं काम सांगायला सोपं. फोन आला, गाडी निघाली, गाडी दारात पोचली. या मधल्या मिनिटांचा हिशेब तिच्याकडे. फेरी संपली की प्रत्येक ड्रायव्हर एक चिठ्ठी आणून तिच्या टेबलावरच्या डब्यात टाकायचा. महिना संपला की ताई डबा उपडा करायची, भिंतीवर भला मोठा कागद चिकटवायची आणि त्यावर खोड-पान मांडायची.

आता खोड-पान म्हणजे काय ते एकदाच नीट ऐकून घ्या, पुन्हा मधेच मला थांबवायचं नाही. गाडीला बारा मिनिटं लागली, तर त्यातला एक म्हणजे खोड आणि दोन म्हणजे पान. अठरा लागली, तर खोड तेच, पान आठ. सात मिनिटांत पोचली, तर खोड शून्य, पान सात. खोडं डावीकडे एकाखाली एक लिहायची, शेजारी उभी रेघ मारायची आणि रेघेच्या उजव्या बाजूला ज्याची त्याची पानं, लहानापासून मोठ्यापर्यंत. दोन गाड्यांना बारा-बारा मिनिटं लागली, तर दोन हा आकडा दोनदा लिहायचा, एकदा लिहून भागवायचं नाही. झालं. शाळेतल्या पोरांनाही येतं, त्यात काही मोठी विद्या नाही.

पण ताईचा त्यावर जीव होता. सरासरी हा शब्द काढला की तिच्या कपाळाला आठी पडायची. एक जण दोन ताटं जेवला आणि दुसरा उपाशी झोपला, तर सरासरीनं दोघांचं पोट भरलं, असलं कसलं शास्त्र, म्हणायची. खोड-पानात ज्याचा आकडा त्याच्या जागी शाबूत राहतो. कागद पुरा झाला की ती चार पावलं मागं सरायची, मान तिरकी करायची आणि बघत राहायची. दहा मिनिटांच्या आसपास दाटी, पुढं पुढं विरळ. "कशी शहाण्यासारखी बसलीत बघा," असं ती चक्क आकड्यांना म्हणायची, आणि फोनवाल्या पोरी तोंडावर हात धरून हसायच्या.

या शहाण्यांत एक वांड निघालं, ते तुफानमुळं. तुफान म्हणजे ड्रायव्हरांतला सगळ्यात जुना. नावावर जाऊ नका. बोलायला इतका सावकाश, की त्याचं 'नमस्कार' पुरं होईपर्यंत समोरचा चहा पिऊन मोकळा, म्हणून तुफान. गाडी मात्र चांगली हाकायचा. एकदा तो बाळंतिणीला आणायला गेला, तर ती बाई गाडीत चढायच्या आधीच दारात बाळंत झाली. नर्सच्या हाताखाली ह्यानं पळापळ केली, बाळ रडलं, घरच्यांनी चहा पाजला, आणि मग स्वारीला आठवलं की पोचल्याची वेळ लिहायची राहिली. तेव्हा घड्याळात जे दिसलं ते लिहिलं. चिठ्ठीवर त्रेसष्ट मिनिटं. ताईनं प्रामाणिकपणे मांडलं. शून्य, एक, दोन यांच्यापुढं पानंच पानं, मग तीन रिकामं, चार रिकामं, पाच रिकामं, आणि तळाला सहाच्या पुढं एकटं तीन. साहेबांनी पाहिलं आणि पोट धरधरून हसले. "ताई, हे पान गळालेलं समजा. झाडावर नका ठेवू."

तेव्हापासून ऑफिसात तो शब्दच रूढ झाला. गळालेलं पान. म्हणजे ज्याची वेळ लिहायची राहिली, चुकली, भलतीच पडली असं. ते वर घ्यायचं नाही, कागदाच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहायचं आणि रिपोर्ट वर पाठवताना तो कोपरा सोडून द्यायचा. पण गळालेलं ओळखायचं कसं? त्याचाही ताईनं नियम केला आणि तो पोरींनाही पाठ झाला: खोड रिकामं, तर खालचं पान गळालं. मधे एक जरी खोड रिकामं गेलं, की त्याच्या खाली असेल ते कोपऱ्यात. नियम सोपा होता, लावताना डोकं लागत नव्हतं. महिन्या-दोन महिन्यांत एखादं पान असं कोपऱ्यात जायचं. वरून शाबासकी यायची, की तुमच्या केंद्राची एकही गाडी कधी अर्ध्या तासाच्या वर गेली नाही. साहेब खूश, ताई खूश, आणि ती शाबासकी ताई घरी जाऊन सासूला वाचून दाखवायची.

घर होतं रेल्वेच्या फाटकापलीकडं. नवरा सोफे आणि खुर्च्यांच्या गाद्या शिवायचा, त्या बाजूला सगळे त्याला कुशनवाले म्हणत. पुढची खोली हेच त्याचं दुकान. तिथं स्पंजचे तुकडे, पोट फाडलेल्या खुर्च्या, बाहेर आलेल्या स्प्रिंगा, आणि मधोमध हा, वाकडी सुई ओठांत धरून बोलणारा. सुईमुळं त्याचे निम्मे शब्द कळायचे नाहीत, तरी गिऱ्हाईक खूश असायचं. सासू उंबऱ्याजवळ बसून सोफ्याची बटणं कापडानं मढवायची. नणंद लग्न होऊन परगावी गेलेली. मूल झालं नाही. सुरुवातीला सासूनं त्यावरून बोलून बोलून सुनेचा जीव खाल्ला, आणि मग एके दिवशी बोलणं बंद केलं. का, ते तिनं सांगितलं नाही आणि ताईनं विचारलं नाही. म्हातारीची जीभ तिखट आणि हात मऊ. पुढं पुढं तर नवऱ्याची तक्रार असायची, की या घरात दोघी एकीकडं आणि मी एकीकडं, माझं ऐकतो कोण.

ताई कामाला पायी जायची. फाटकाजवळ पायी जाणाऱ्यांसाठी लोखंडी पूल होता, जिने चढून पलीकडं उतरायचं. फाटक उघडं आहे की बंद, किती वेळ बंद, कशासाठी बंद, याच्याशी तिचा कधी संबंधच आला नाही. वर्षानुवर्षं ती मालगाड्यांच्या डोक्यावरून कामाला गेली आणि आली.

त्या दुपारी ती महिन्याचा कागद चिकटवत होती. फोनवाली पोरगी आत आली ती दारातच थांबली. "ताई, तुमच्या घरचा पत्ता आलाय. आजींचा फोन होता. दादांच्या छातीत दुखतंय. तुफानदादा निघालेत गाडी घेऊन." ताईच्या हातातली चिकटपट्टी तशीच बोटाला चिकटून राहिली. ती बाहेर पडली ती थेट रस्त्यानं पळत सुटली. आयुष्यात कधी पळाली नव्हती.

फाटकापाशी तिला गाडी दिसली. पुढं दोन ट्रक, मागं रिक्षा, मधे अडकलेली पांढरी गाडी, वरचा दिवा गरगर फिरतोय. रुळांवर मालगाडी थांबलेली, पुढं सरकायची, मागं सरकायची, पुन्हा थांबायची. ताईनं गाडीच्या खिडकीतून पाहिलं तर ड्रायव्हरची जागा रिकामी. हा गेला कुठं, असं मनात आलं, पण थांबायला वेळ नव्हता. ती पूल चढली, उतरली आणि घरी पोचली.

नवरा निम्म्या उसवलेल्या सोफ्यावर आडवा होता. सासू पुठ्ठ्यानं वारा घालत होती. त्यानं डोळे उघडून ताईकडं पाहिलं. "आलीस होय. गाडी?" ताई म्हणाली, "येतेय. फाटकापाशी आहे, मी बघून आले." थोड्या वेळानं त्यानं पुन्हा विचारलं, "गाडी?" तिनं पुन्हा सांगितलं, येतेय. तिसऱ्यांदा त्यानं विचारलं नाही, पण ती आपली सांगतच राहिली, येतेय हो, आलीच, बघा आलीच. गाडी दारात लागली तेव्हा सासूच्या हातातला पुठ्ठा अजून हलत होता, पण ज्याला वारा घालायचा तो गेलेला होता.

आता दुःख सगळ्यांचं सारखं नसतं. ताई मुकी झाली आणि सासू पेटली. कुणीतरी शेजाऱ्यानं येऊन सांगितलं, की फाटक बंद असताना तुमचा तो ड्रायव्हर गेटमनच्या खोलीच्या खिडकीला टेकून गप्पा मारत होता, मी डोळ्यांनी पाहिलं. झालं. म्हातारीनं त्याच शेजाऱ्याकडून तक्रारअर्ज लिहून घेतला आणि अंगठा नाही, चांगली वळणदार सही केली. तुफान अंत्ययात्रेला आला होता, सगळ्यांच्या मागं, मान खाली घालून. तिथंच म्हातारीनं त्याला फाडून खाल्लं. "माझा मुलगा तडफडत होता आणि हा मेला तिथं गप्पा ठोकत होता." तुफान काहीतरी बोलायला गेला, पण त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत लोकांनी त्याला बाजूला केलं. चौकशी लागली. तोवर त्याला कामावर यायची मनाई झाली.

त्या दिवसांत सासू ताईच्या खोलीत झोपायला लागली. अंधारात हात पुढं करायची आणि सुनेचं मनगट धरून ठेवायची. "आता तूच माझा मुलगा," म्हणायची. "त्या माणसाला घरी बसवल्याशिवाय मी डोळे मिटायची नाही. तू आहेस ना माझ्या बाजूनं?" ताई म्हणायची, "आहे, आई." आणि खरंच होती. तिनंही ड्रायव्हरची ती रिकामी जागा पाहिली होती. ताईला माहेर उरलं नव्हतं, पोटी मूल नव्हतं. आता जगात तिचं म्हणावं असं माणूस म्हणजे ही मनगट धरून झोपलेली म्हातारी.

ती कामावर परतली तेव्हा डबा चिठ्ठ्यांनी भरून वाहत होता. साहेबांनी बसवून पाणी दिलं, विचारपूस केली आणि मग हळूच म्हणाले, "ताई, चौकशीत एकच प्रश्न आहे. त्या बाजूला जाताना एवढा वेळ नेहमीच लागतो, की याच ड्रायव्हरनं लावला? तुफान म्हणतो फाटक. पण आपले रिपोर्ट सांगतात, की कुठल्याच गाडीला कधी अर्ध्या तासाच्या वर लागलेलं नाही. तुम्ही फक्त तेवढे रिपोर्ट वाचून दाखवायचे." ताईनं मान हलवली. मग ती आपल्या टेबलाशी गेली, डबा उपडा केला आणि चिठ्ठ्या लावायला घेतल्या. दुसरं काय करणार? हाताला तेवढंच येत होतं.

घरची चिठ्ठी मधेच कुठंतरी निघाली. सत्तेचाळीस मिनिटं. खोड चार, पान सात. तिनं भिंतीवरच्या कागदाकडं पाहिलं. शून्य, एक, दोन भरलेले. तीन रिकामं. आणि तुम्हाला सांगतो, सवय किती वाईट असते. तिचा हात पेन्सिलीकडं गेला. पेन्सिल उचलली, कोपऱ्यात टेकवली, सातचं वळण काढायला सुरुवातही झाली, आणि मग तिला कळलं आपण काय करतोय ते.

ती खुर्चीत बसली. हे पान गळालेलं नव्हतं. वेळ लिहायला कुणी विसरलं नव्हतं, कुणी चहा प्यायलं नव्हतं. ती मिनिटं खरी होती, एकेक करून तिच्यासमोर गेलेली. आणि मग तिच्या मनात आलं: आपलं पान खरं, तर बाकीची खोटी कशावरून?

जुने कागद गुंडाळ्या करून कपाटावरच ठेवलेले असायचे. तिनं ते खाली काढले, जमिनीवर पसरले, कोपऱ्यांतले पेन्सिलीचे आकडे वेचले, त्यांच्या चिठ्ठ्या काढून पत्ते पाहिले. एक-दोन सोडले तर सगळे पत्ते फाटकापलीकडचे. मग तिनं एक कोरा कागद घेतला आणि मागच्या दोन वर्षांच्या, फाटकापलीकडच्या तेवढ्याच फेऱ्या त्यावर मांडल्या. काही गाळलं नाही.

० |
१ | ४ ५ ५ ६ ७ ७ ८ ९ ९
२ | ० १ १ २ ४
३ |
४ | १ १ २ ३ ४ ४ ५ ६ ६ ७ ७ ८
५ | ० २

ती चार पावलं मागं सरली. एक टेकडी नव्हती, दोन होत्या. फाटक उघडं मिळालं तर वीसच्या आसपास, बंद मिळालं तर पंचेचाळीसच्या. त्याच्या मधलं काही नाहीच, कारण मालगाडीच्या डब्यांची जोडाजोड एकदा सुरू झाली की ती अर्धवट होत नाही. ते रिकामं खोड म्हणजे फाटक होतं. आणि नेमकं त्यालाच बघून ती इतकी वर्षं ठरवत आली होती, की खालचं सगळं खोटं. खोटं समजून गाळलं म्हणून वर कुणाला कळलं नाही, आणि कळलं नाही म्हणून पलीकडं एक गाडी ठेवावी असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. तिनं स्वतःच्या हातानं, स्वच्छ अक्षरात, स्वतःच्या घराकडं येणारी वाट नजरेआड केली होती. ताई तिथंच जमिनीवर, कागदांमधे बसून रडली. नवरा गेल्यापासून पहिल्यांदा.

साहेब वाईट नव्हते. त्यांनी कागद वरपासून खालपर्यंत पाहिला. मग म्हणाले, "हे दाखवलंत तर तुफान सुटेल. पण रिपोर्टांवर सही तुमची आहे. माझीही आहे, मी नाही म्हणत नाही. माझं काय व्हायचं ते होईल. पण ताई, तुमच्या सासूबाई समोर बसणार आहेत." ताई म्हणाली, "माहीत आहे." साहेब म्हणाले, "नुसते रिपोर्ट वाचलेत तरी ते खोटं होणार नाही. तेवढंच विचारलंय." ताई कागद गुंडाळायला लागली. तुफानची बायको अंथरुणाला खिळलेली आहे आणि घरात करणारा तो एकटाच आहे, हे तिला माहीत होतं. पण खरं सांगायचं तर तिच्या डोळ्यांपुढं तुफान नव्हता. अंधारात मनगट शोधणारा हात होता.

सकाळी चौकशीला निघताना सासूनं स्वतः तिच्या पदराची घडी नीट केली. "घाबरू नकोस. मी आहे," म्हणाली. ताईला वाटलं, आत्ताच सांगावं, इथंच, दाराच्या आत. पण तिनं वाकून चपला घातल्या आणि कडी काढली.

बाहेरून आलेले तीन अधिकारी टेबलामागं होते. पुढच्या खुर्चीत काठी घेऊन म्हातारी, मागं भिंतीला लागून तुफान. त्याला पहिल्यांदा विचारलं. तो म्हणाला, "गेटमनच्या... पाया पडत होतो, साहेब. नर्स दुसऱ्या फेरीला गेलेली. मी एकटा. गाडी सोडून... पलीकडं जाता येत नाही." एवढं बोलायला त्याला इतका वेळ लागला, की अधिकाऱ्यांपैकी एकानं घड्याळ पाहिलं. मग ताईला बोलावलं. तिनं गुंडाळी उलगडून कागद फळ्यावर लावला आणि खोड म्हणजे काय, पान म्हणजे काय, फाटक कुठं आहे, सगळं सांगितलं.

"मग रिपोर्टात यातलं काहीच कसं नाही?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"मी गाळलं."

"का?"

"चुकीचं समजून. मीच तसा नियम केला होता."

म्हातारी काठी टेकत उठली, फळ्यापाशी गेली आणि कागदाच्या अगदी जवळ डोळे नेले. "ह्यातला माझा कुठला?"

ताईनं बोट ठेवलं. "चारच्या ओळीत. हा सात."

"इथं तर दोन सात आहेत."

"हो. दुसरा दुसऱ्या कुणाचा."

"कुणाचा?"

"नाव नसतं, आई. आपल्याच बाजूचं कुणीतरी. मागच्या वर्षीचं."

"त्याचं पुढं काय झालं?"

"माहीत नाही."

म्हातारीनं त्या ओळीवरून बोट फिरवत नेलं, पहिल्या आकड्यापासून शेवटच्या आकड्यापर्यंत, डाळीतले खडे बघावेत तसं. "आणि हे बाकीचे. बहुतेक त्याच्या आधीचेच ना? तुझ्याच हातांतून गेलेले?"

"हो, आई."

म्हातारी वळली. अधिकाऱ्यांना म्हणाली, "त्या माणसाला सोडा. त्याचं काही नाही." आणि सुनेकडं न बघता, तिची वाट न बघता, काठी आपटत बाहेर गेली. मागं तुफान ताईजवळ आला. "ताई, तुम्ही..." म्हणाला आणि अडकला. ताई म्हणाली, "राहू द्या दादा. जा घरी, वहिनी वाट बघत असतील."

ताईला समज मिळाली, साहेबांची बदली झाली. पलीकडं, पाण्याच्या टाकीजवळ, एक गाडी कायमची उभी राहायला लागली. म्हातारीनं ती खिडकीतून पाहिली आणि एवढंच म्हणाली, "बैल गेला आणि झोपा केला." त्या आठवड्यात तिच्या तोंडून निघालेलं तेच मोठं वाक्य. तिनं आपलं अंथरूण पुढच्या खोलीत, स्पंजच्या गठ्ठ्यांजवळ नेलं होतं. सकाळ-संध्याकाळ उंबऱ्याजवळ बसून बटणं मढवायची. गिऱ्हाइकांनी आपापल्या खुर्च्या उसवलेल्याच परत नेल्या होत्या, बटणं लावायला सोफा नव्हता, तरी मढवायची. ताईनं ताट पुढं केलं की दोन घास खायची आणि बाजूला सारायची.

एका सकाळी ती कपड्यांची पिशवी भरत बसलेली दिसली. "मुलीकडं जाते," म्हणाली. "ती येतेय न्यायला."

ताई तिच्यासमोर खाली बसली. "आई, माझं चुकलं. मला काय हवं ते बोला. पण जाऊ नका."

"तू खोटं बोलली असतीस ना," म्हातारी साडीची घडी घालत म्हणाली, "तर मी इथंच राहिले असते. तुझ्याजवळ, सुखानं."

"तुफानचं घर बसलं असतं, आई."

"बसलं असतं. मला काय त्याचं?" तिनं घडी मोडली, पुन्हा घातली. "तू बरोबर केलंस. सगळे म्हणतात, मीही म्हणते. तुझा नवरा गेला, तुला काय कमी दुःख झालंय का, हेही मला कळतं. मी काही दगड नाही. पण तू ताट पुढं केलंस, की मला तुझा हात दिसतो. मी काय करू?"

ताईनं उठून तिच्या गोळ्या आणल्या, सकाळच्या वेगळ्या, रात्रीच्या वेगळ्या बांधून दिल्या, गुडघ्याचं तेल दिलं, चष्म्याचं घर शोधून दिलं. नणंद गाडी घेऊन आली. तीही अवघडलेली, वहिनीच्या डोळ्याला डोळा देईना. म्हातारी गाडीत बसली, काठी आडवी मांडीवर घेतली. ताईनं खिडकीशी वाकून म्हटलं, "पोचल्यावर फोन करा, आई."

"कशाला?" म्हातारी समोर बघत म्हणाली. "वेळ लिहायला?"

गाडी गेली. ताई आत आली. दिवसभर घरात इकडून तिकडं फिरली, सांडलेले स्पंजचे तुकडे उचलले, कामावर गेली नाही, गॅस पेटवला नाही. दिवेलागणीला फोन वाजला. नणंद होती. "पोचलो गं वहिनी मघाशीच. आईनं चहा घेतला, आता पडलीय." मग नणंदेच्या मागून, लांबून, तो तिखट आवाज आला, "विचार तिला, काही खाल्लं का."

"आई विचारतेय, जेवलीस का?"

ताईनं फोन दोन्ही हातांनी धरला. "हो," म्हणाली. "सांग, जेवले."